पिल्लाच्या पोटातले आम्ल

डुकराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात आईची प्रतिपिंडे जवळपास नसतात. वार ती पलीकडे जाऊ देत नाही. ती मिळतात चिकातून, तीही पहिल्या चोवीस तासांत. मग आतडे ती शोषून घेणे थांबवते. जालन्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गारठून आचळापर्यंत न पोचलेले पिल्लू म्हणूनच हगवणीला आधी बळी पडते. पहिल्या आठवड्यात त्याला 32 ते 34 अंशांची ऊब लागते. माझ्या मते सगळ्यात स्वस्त औषध तेच.

दुसरा धोका दूध तोडताना. कोवळे जठर स्वतः फारसे आम्ल बनवत नाही. दुधातल्या लॅक्टोजपासून लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. दूध एकदम बंद करून भरडा-पेंड सुरू केली, की हे आम्ल घटते, प्रथिने न पचताच खाली उतरतात आणि हगवण लावणाऱ्या ई. कोलाय जिवाणूंचे फावते.

जगभर यावर, आणि वाढ झपाट्याने व्हावी म्हणूनही, रोजच्या खाद्यात थोडे प्रतिजैविक मिसळले गेले. वाढीसाठीचा हा वापर स्वीडनने 1986 मध्ये, युरोपीय संघाने 2006 मध्ये थांबवला. 2015 मध्ये चीनमध्ये कोलिस्टिन हे प्रतिजैविक निष्प्रभ करणारे एमसीआर-1 जनुक सापडले. ते एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाते, आणि कोलिस्टिन तर अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठीचे शेवटचे औषध. भारताने जुलै 2019 मध्ये पशुधनात त्याच्या वापरावर बंदी घातली.

मराठवाड्यात कैकाडी, वडार कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळली. आता राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहप्रकल्पाला 30 लाखांपर्यंत अनुदान मिळते. शेड मोठी झाली की औषधाचा मोहही वाढतो, म्हणून पर्याय आधीच ठाऊक हवेत.

खाद्यात फॉर्मिक, सायट्रिक किंवा लॅक्टिक आम्ल घालून दुधाने दिलेला आंबटपणा काही अंशी भरून काढता येतो. मला हाच मार्ग सर्वांत पटतो, कारण तो बिघाडाच्या मुळाशी जातो. लॅक्टोबॅसिलसचे प्रोबायोटिकही उपयोगी; पण परिणाम जिवाणूच्या जातीवर ठरतो. यीस्टमधली मॅनन शर्करा काही जिवाणूंना आतड्याला चिकटू देत नाही, मात्र पिल्लांना छळणाऱ्या एफ4 प्रकारच्या ई. कोलायची पकड तिने सुटत नाही. ओव्यातले थायमॉल प्रयोगशाळेत जिवाणू मारते. खाद्यात जास्त झाले तर पिल्ले तोंड लावत नाहीत.

हगवण लागलीच, तर पिल्लू पाणी आणि क्षार गमावून दगावते. तेव्हा आधी क्षारपाणी, लगेच पशुवैद्यक, आणि प्रतिजैविक द्यायचेच तर त्यांच्या सांगण्यावरून, आजारी पिल्लापुरते.