शीळ वाजली की कारंजं सुरू!

पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्याची बाग तुम्ही इन्स्टावर कितीदा तरी पाहिली असेल. फूटपट्टी लावून आखल्यासारख्या वाटा, कातरून आकार दिलेली झाडं, सोनेरी पुतळे आणि उंच उडणारी कारंजी. एकदम भारी! पण या बागेची खरी गोष्ट फोटोत दिसत नाही. ती आहे पाण्याची.

मुळात इथे होतं जंगल, दलदल आणि तेराव्या लुईचा शिकारीसाठीचा छोटा वाडा. त्याच्या मुलानं, चौदाव्या लुईनं, १६६१ पासून ही जागा पालटायला घेतली. आखणी होती आंद्रे ल नोत्रची. त्याचे वडील आणि आजोबाही राजाच्या बागेतले माळी. महालातून पाहिलं की नजर थेट क्षितिजापर्यंत जावी, अशी त्याची कल्पना. त्याच रेषेत दीड किलोमीटरहून लांब कालवा खोदला गेला. झाडं वाढायची वाट कोण बघणार? मोठी झाडंच दुसरीकडून आणून लावली.

गोची एकच झाली. व्हर्सायजवळ मोठी नदी नाही. सगळी कारंजी एकाच वेळी चालू ठेवण्याइतकं पाणीच नव्हतं. मग जुगाड केला! राजा फिरायला निघाला की तो जवळ येईल तेवढंच कारंजं सुरू. शीळ वाजवून पुढच्याला इशारा जायचा. राजा पुढे गेला की मागचा नळ बंद.

१६८४ मध्ये सीन नदीवर मार्लीचं अवाढव्य यंत्र बसलं. १४ चाकं, दोनशेहून जास्त पंप, पाणी दीडशे मीटर वर चढवायचं. तरीही पुरेना. मग लांबची यूर नदीच वळवायचं ठरलं. १६८५ पासून हजारो सैनिक खोदकामाला जुंपले गेले. तापानं कित्येक जण दगावले. १६८८ मध्ये युद्ध पेटलं, काम थांबलं, ते कायमचंच. मँतनों गावात त्या अर्धवट जलसेतूच्या कमानी अजून उभ्या आहेत.

बाग कोणत्या क्रमानं पाहावी, याची गाइड राजानं स्वतः लिहिली होती. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, सगळं त्यात आहे. त्या वाटेवर मँतनों येत नाही.

आज तेच पाणी पंपांनी फिरवून पुन्हा वापरतात. तरी कारंज्यांचा शो ठरावीक दिवशीच असतो. व्हर्सायची पुढची रील लाइक कराल, तेव्हा मँतनोंच्या कमानीही एकदा सर्च करून बघा. बागेचा अर्धा इतिहास तिथे आहे.