अ‍ॅनेकेचे वारसदार

पूर्वज शोधायला निघालेल्या माणसाला मनातून बहुधा दोहोंपैकी एक हवे असते : राजघराणे, नाही तर जमीन. न्यू यॉर्कच्या अ‍ॅनेके यान्सच्या वंशजांना दोन्ही सापडल्यासारखे वाटले. पहिले खोटे निघाले आणि दुसरे हाती लागले नाही.

कथा अशी की, अ‍ॅनेके ही हॉलंडच्या विल्यम ऑफ ऑरेंजची नात. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केले, तेव्हा तिच्या वाट्याची संपत्ती पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवली गेली! एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या कथेवर हजारोंनी विश्वास ठेवला. वारसदारांचे संघ निघाले, वर्गण्या गोळा झाल्या, वकील जगले.

अ‍ॅमस्टरडॅमच्या लग्ननोंदीत मात्र राजा नाही. 1623 सालची ती नोंद सांगते, की वर रुलोफ यान्सेन, वय 21, खलाशी. वधू अ‍ॅना यान्स, वय 18, नॉर्वेच्या किनाऱ्यावरील फ्लेकेरोय बेटावरची. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत असावे तसे नाव आणि गाव, सारे दोन ओळींत. ‘यान्स’ हे आडनावही नव्हे, त्याचा अर्थ यानची मुलगी. बापाचे नाव लावण्याची ही रीत मराठी माणसाला उलगडून सांगायला नको. आडनावाच्या मागे लागलेले अमेरिकन संशोधक मात्र तिथे हमखास चकतात.

1630 मध्ये हे जोडपे मुलींसह ‘एन्द्राख्त’ जहाजाने डच वसाहतीत आले. अ‍ॅनेकेची आई त्रेन योनास तिथे कंपनीची सुईण होती. 1636 मध्ये रुलोफला मॅनहॅटनवर हडसनकाठी सुमारे 62 एकर जमीन मिळाली आणि लवकरच तो वारला. विधवेने एव्हरार्डस बोगार्डस या धर्मगुरूशी लग्न केले. तो 1647 मध्ये वेल्सच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून बुडाला. पदरी दोन्ही घरची मुले घेऊन ती उत्तरेकडे, आजच्या ऑल्बनीला, जाऊन राहिली. 1663 मधल्या तिच्या मृत्युपत्रावर सही नाही, खूण आहे. काही नातवंडांना तिने चांदीचा एकेक पेला ठेवला. राजाच्या नातीची हीच का दौलत, असे त्या वंशजांना कधी वाटले नाही.

खरी मेख जमिनीत होती. 1671 मध्ये वारसांनी ती इंग्रज गव्हर्नर लव्हलेसला विकली. पण मृत मुलगा कॉर्नेलिसच्या बाजूने कोणाची सही नव्हती, असा पुढच्या पिढ्यांचा दावा. 1705 मध्ये राणी अ‍ॅनने हीच जमीन ट्रिनिटी चर्चला दिली. शेताचे शहर झाले, भाव आकाशाला भिडले, तसे वारस वाढत गेले. बँकेत मयत खातेदारांचे दावे निकाली काढताना माझाही असाच अनुभव : रक्कम मोठी असली की चुलत-चुलत नातीसुद्धा सख्खी होतात. दीडशे वर्षांच्या ताब्यापुढे कोणते कोर्ट एका न झालेल्या सहीला भीक घालील? 1847 मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने दावा फेटाळला, तरी विसाव्या शतकातही दावेदार थांबले नाहीत. चर्च आजही तिथले बडे जमीनदार आहे.

त्या जमिनीचे पहिले वारस लेनापी लोक. कोणत्याच वंशावळीला त्यांची आठवण झाली नाही. आठवण होण्यासारखी एक व्यक्ती घरातच होती : अ‍ॅनेकेची मुलगी सारा. तिला लेनापींची भाषा येत होती, आणि 1664 मध्ये डच गव्हर्नर स्टायव्हसंटने त्यांच्याशी तह केला तेव्हा दुभाषी तीच होती. लेनापींचा प्रमुख ओरातम याने पुढे तिला स्वतःच्या मुलखातली मोठी जमीन दिली.

अ‍ॅनेकेच्या वंशजांपैकी जे आज ग्रंथालयांत जुन्या डच नोंदी वाचत बसतात, ते वाट्यासाठी येत नाहीत. त्यांना सुईण पणजी आणि दुभाषी आजी पुरते.