मामूचा डायनामो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विजेवर बोलायला मला कुणी बोलवील असं वाटलं नव्हतं. पण एसी आणि डीसी या दोन अक्षरी शब्दांमधला फरक मी पुस्तकात शिकलो नाही. तो शिकलो मिरजेला, मामूच्या दुकानात, ऑइलने काळ्या झालेल्या बाकावर बसून. तोच तुम्हांला सांगणार आहे.

मामू ऑटो इलेक्ट्रिशियन. जुन्या जीपगाड्या, ॲम्बॅसेडर, मालट्रक यांचे डायनामो त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. डायनामो म्हणजे गाडीचं इंजिन फिरत असताना बॅटरी भरत ठेवणारं छोटं वीजघर. मामू आर्मेचर बाहेर काढत, जळालेली तार उसवून नवी भरत आणि शेवटी कॉम्युटेटर लेथवर लावून चकचकीत करत. कॉम्युटेटर म्हणजे आर्मेचरच्या टोकाला बसवलेलं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं. दोन पट्ट्यांच्या मध्ये अभ्रकाची पातळ चकती असते. तांबं झिजतं, अभ्रक तसाच राहतो, मग कार्बनचे ब्रश त्यावर उडायला लागतात आणि ठिणग्या पडतात. म्हणून हॅक्सॉच्या तुटक्या पात्याने अभ्रक थोडा खाली खरवडावा लागतो. हे काम मामू मला देत. सुट्टीत दिवसाला दोन-तीन कॉम्युटेटर मी खरवडायचो. मामूच्या घरची चूल त्या तांब्याच्या कड्यावर पेटत होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आता मूळ गोष्ट. इंग्लंडमध्ये मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलं की तारेचं वेटोळं आणि चुंबक एकमेकांच्या संदर्भात हलले की तारेत वीज उत्पन्न होते. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सी नावाच्या यंत्रकाराने हाताने फिरवायचं यंत्र बनवलं. पण त्यातली वीज घडीत इकडे, घडीत तिकडे वाहू लागली. कारण साधं आहे. वेटोळ्यासमोरून चुंबकाचा उत्तर ध्रुव गेला की प्रवाह एका दिशेने वाहतो, दक्षिण ध्रुव गेला की उलट दिशेने. ही उलटसुलट वाहणारी वीज म्हणजे एसी. त्या काळात तिचा उपयोग कुणाला सुचेना. तेव्हा अँपिअरच्या सूचनेवरून पिक्सीने यंत्राला एक जोड दिली. प्रवाह उलटला की त्याच क्षणी जोडणीही उलटायची, म्हणजे बाहेर पडणारा प्रवाह एकाच दिशेचा. ही जोड म्हणजेच कॉम्युटेटर, आणि एकाच दिशेने वाहणारी वीज म्हणजे डीसी.

गंमत पाहा, फिरत्या वेटोळ्यांच्या प्रत्येक नेहमीच्या जनरेटरच्या पोटात जन्मते ती एसीच. मामूच्या डायनामोतही तीच. डीसी नंतर केली जाते, आणि ती करून देण्याची किंमत कॉम्युटेटर वसूल करतो.

ही किंमत कशी? कॉम्युटेटर आर्मेचरबरोबर फिरायला हवा, म्हणून ज्या तारांत वीज तयार होते त्या तारांनाही फिरावं लागतं. तयार झालेला सगळा प्रवाह फिरत्या तांब्यावर घासणाऱ्या ब्रशमधून बाहेर काढावा लागतो. ॲम्बॅसेडरच्या डायनामोत हा प्रवाह वीस-बावीस अँपिअर. एवढा प्रवाह घासत काढायचा म्हणजे ब्रश झिजणार, ठिणग्या उडणार, काजळी साचणार. शिवाय जड तारांचं आर्मेचर फार वेगाने फिरवलं तर तारा बाहेर फेकल्या जातात. त्यामुळे पुली मोठी ठेवून वेग कमी राखावा लागतो. परिणाम असा की गाडी सिग्नलला किंवा घाटात ट्रकच्या मागे उभी राहिली की डायनामो बॅटरी भरतच नाही. रात्री गाडी थांबली की दिवे मंद होत, ते यामुळे.

अल्टरनेटर म्हणजे एसी जनरेटरने ही मांडणी उलटी केली. कॉम्युटेटर नको, तर वीज तयार करणाऱ्या तारांनी तरी का फिरायचं? त्या बाहेरच्या कवचात स्थिर बसवल्या. आत फिरतो तो चुंबक. त्याला चुंबकत्व देण्यापुरता दोन-चार अँपिअरचा प्रवाह दोन गुळगुळीत कड्यांवरून, म्हणजे स्लिप रिंगवरून जातो. गुळगुळीत कड्यावर, थोड्या प्रवाहात ब्रश कितीतरी जास्त टिकतात. आतला भाग आटोपशीर असल्याने लहान पुली लावून तो वेगाने फिरवता येतो. इंजिन नुसतं गुरगुरत असलं तरी बॅटरी भरत राहते. तेवढ्याच विजेसाठी तांबं कमी, वजन कमी.

मग हे आधी का झालं नाही? कारण बॅटरीला डीसीच लागते. एसीची डीसी करायला स्वस्त आणि टिकाऊ साधन हवं होतं, ते म्हणजे सिलिकॉनचे डायोड. ते परवडू लागल्यावर अमेरिकेत क्रायस्लरने १९६० सालच्या आपल्या व्हॅलियंट गाडीला अल्टरनेटर दिला. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे बॅटरीची वीज उलटी जनरेटरमध्ये शिरण्याची भीती गेली. डायनामोला त्यासाठी वेगळा कटआऊट लागायचा, तोही गेला. एक खर्च वाचला की त्याच्या मागे दुसरा वाचतो, तो असा.

आपल्याकडे डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली, ती अल्टरनेटर घेऊनच. दोनेक वर्षांनी एका डॉक्टरांची मारुती मामूंच्या दुकानी आली. मामूंनी तो अल्टरनेटर उघडला, आतला भाग हातात फिरवून पाहिला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मी विचारलं, "मामू, याचा कॉम्युटेटर कुठाय?" ते म्हणाले, "तोच तर नाही, बेटा." त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच प्यायला.

मोठ्या वीजघरांत हा निकाल त्याआधी कितीतरी लागला होता. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटला डीसी वीजघर सुरू केलं. त्याची वीज मैलभराच्या टापूतच पुरे पडायची, कारण कमी दाबाची वीज लांब न्यायची तर प्रवाह मोठा लागतो आणि तार तापून वीज वाया जाते. एसीचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवता येतो आणि दारात आणून पुन्हा उतरवता येतो. साध्या ट्रान्सफॉर्मरला डीसी चालतच नाही. १८९६ साली नायगाऱ्याची एसी वीज वीस-पंचवीस मैलांवरच्या बफेलो शहरात पोहोचली आणि वाद जवळजवळ संपला. आज चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रातला पाचशे मेगावॅटचा जनरेटर मिनिटाला ३००० फेरे घेत वीस हजार व्होल्टच्या आसपास वीज देतो. एवढ्या दाबाची, एवढी वीज कॉम्युटेटरवरून काढायची कल्पनाच करता येत नाही. स्थिर तारांना मात्र जाड वेष्टण घालता येतं, थंडही ठेवता येतं.

मुंबईच्या लोकलचंच पाहा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर. तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. डीसी मोटार उभ्या गाडीला जोरदार ओढ देते. पण गाड्या वाढल्या, डबे वाढले. २५ हजार व्होल्ट एसीवर त्याच शक्तीसाठी प्रवाह सुमारे सतरावा हिस्सा लागतो आणि त्याच तारेतला नाश पावणेतीनशे पटीने घटतो. उपकेंद्रंही लांब लांब अंतरावर चालतात. एप्रिल २०१६मध्ये हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली. एक्क्याण्णव वर्षं!

म्हणजे डीसी हरली का? तसं नाही. डीसीची दोन यंत्रं जोडायची तर दाब जुळवला की पुरे. एसीला दाबाबरोबर फेऱ्यांचा ताळही जुळावा लागतो. आपल्या ५० सायकलसाठी दोन ध्रुवांच्या जनरेटरला मिनिटाला ३०००, चार ध्रुवांच्या जनरेटरला १५०० फेरे घ्यावेच लागतात. मंगल कार्यालयासाठी जनसेट घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ३००० फेऱ्यांचा संच लहान आणि स्वस्त, पण आवाज व झीज जास्त. १५०० फेऱ्यांचा महाग, पण रोज तासन् तास चालवायचा तर तोच परवडतो. फार लांबच्या पल्ल्यालाही डीसी परतली आहे. चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची वाहिनी ५०० किलोव्होल्ट डीसीची आहे. तिच्या दोन्ही टोकांना रूपांतराचा खर्च मोठा, पण अंतर एवढं की तारेत वाचलेली वीज तो भरून काढते. सूर्याची वीजही पॅनेलमधून डीसीच येते, आणि तिथे फिरणारं काहीच नाही.

मामूंचं काय झालं, ते सांगून थांबतो. काही महिने ते चिडलेले होते. "बिघडला की फेकायचा माल," म्हणायचे. मग एक दिवस त्यांनी कुणाचा तरी निकामी अल्टरनेटर विकत घेतला आणि बारा व्होल्टचा बल्ब व बॅटरी घेऊन एकेक डायोड तपासत बसले. एका बाजूने बल्ब लागला आणि तारा उलटवल्यावर विझला, तर डायोड चांगला. दोन्हीकडून लागला किंवा दोन्हीकडून विझलेलाच राहिला, तर गेला. साठीकडे झुकलेल्या माणसाने हे स्वतःचं स्वतः शिकून घेतलं. दुकानाच्या पाटीवर डायनामोच्या खाली त्यांनी स्वतःच्या हाताने अल्टरनेटर असं लिहिलं. त्यातली मात्रा राहून गेली होती. मी ती दाखवली, तर म्हणाले, "लोकांना वाचता आलं म्हणजे झालं."

आणि कॉम्युटेटर गेला नव्हताच. इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटार बॅटरीच्या डीसीवर चालते, म्हणून तिच्या पोटात तेच तांब्याचं कडं, तोच अभ्रक. डायनामो यायचे बंद झाले तरी स्टार्टर येत राहिले. पुढच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा मामूंनी काही न बोलता हॅक्सॉचं तेच तुटकं पातं माझ्यापुढे सरकवलं.