साक्षीदाराची सही

आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या मावशी पवन मावळातल्या. वय साठीच्या पुढे. गेली दोन-तीन वर्षं त्यांचे डोळे चुरचुरतात, वाळूचा कण गेल्यासारखे खुपतात, मधेच घळाघळा गळायला लागतात. पुण्याच्या डॉक्टरांनी 'डोळे कोरडे पडलेत' असं सांगितलं, तेव्हा मावशींना हसूच आलं. "अवं बाई, लोनावळ्यात चार महिनं धो धो पाऊस, डोळ्यातनं पानी गळतंय, आन् हे म्हनत्यात कोरडं!"

पण खरंच तसं असतं. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो आणि त्यावर तेलाचा तवंग. पापणीच्या कडेच्या ग्रंथी तुंबल्या की तेल कमी पडतं, पाणी उडून जातं. मग डोळा चिडतो आणि भसाभसा पाणी सोडतो, पण ते टिकत नाही, गालावर ओघळतं. पाळी गेल्यानंतर बायकांना हा त्रास जास्त होतो. चुलीचा धूर आणि वारा त्यात भर घालतात.

त्याच डॉक्टरांनी मावशींना नव्या थेंबांच्या चाचणीत भाग घ्याल का, असं विचारलं. मुदत तीन महिने. थेंब फुकट, येण्याजाण्याचा खर्चही मिळणार. मावशींना वाचता येत नाही. अशा वेळी संमती घेताना चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, असा नियमच आहे. मावशी म्हणाल्या, "बाई, तुमी चला. निस्ती सही करायची."

नुसती सही! शाळेत तीस वर्षं प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या, तेवढंच काम असेल असं समजून मी लोकलमध्ये बसले.

डॉक्टरांनी मराठीतलं माहितीपत्रक सावकाश वाचून दाखवलं. मावशी प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे आला आणि माझी जुनी खोड जागी झाली. वर्गात मान हलवणारी मुलंच मी आधी उभी करायची. "मावशी, काय कळलं ते सांगा बघू."

"डागदर चांगलं औषध देनार, दुसरं काय?"

माझ्या पोटात गोळाच आला. मी सही केली असती, तर 'हिला सगळं समजलंय' असं मीच लिहून दिलं असतं. मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. निम्म्या जणींना नवं औषध, निम्म्या जणींना औषध नसलेले थेंब. कोणाला काय मिळतंय, हे डॉक्टरांनाही माहीत नसणार. शिवाय आधी दोन आठवडे सध्याचे थेंब बंद.

"म्हंजी मला बिनऔषधाचं बी देतील?" मावशींचा चेहरा उतरला. "ही फसवनूक न्हाई व्हय?"

डॉक्टर रागावले नाहीत. साधे थेंबही डोळा धुतात, थोडं बरं वाटतंच. म्हणून तुलना लागते, असं त्यांनी सांगितलं. 2018 साली जाहीर झालेला एक अमेरिकन अभ्यास त्यांनी सांगितला. कोरड्या डोळ्यांच्या 535 रुग्णांपैकी काहींना वर्षभर माशाच्या तेलाच्या गोळ्या दिल्या, बाकीच्यांना ऑलिव्ह तेलाच्या. दोन्हीकडच्या लोकांना बरं वाटलं, दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. ऑलिव्हवाला गट नसता, तर सगळं श्रेय माशाच्या तेलाला गेलं असतं!

मावशी विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "आन् औषध लागू पडलं, तर तीन महिन्यानंतर कोन देनार?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. ते मिळेलच असं सांगता येत नाही, हे डॉक्टरांनी मोकळेपणानं कबूल केलं.

अंगठा न उठवता, कागद पिशवीत घालून आम्ही परतलो. चार दिवसांनी मावशींनी निरोप दिला, "आत्ता लावनीचं दिस. हायेत ते थेंब बंद करून चिखलात वाकनं जमायचं न्हाई." डॉक्टरांनी तो मान्य केला, आणि त्यांचे नेहमीचे उपचार चालूच राहिले.

मैत्रिणींनो, चाचण्या हव्यातच. कोणीतरी भाग घेतला म्हणूनच आज आपल्याला औषधं मिळतात. पण ती कागदावरची सही काय मागते, हे माहीत असू द्या. 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळते. कधीही बाहेर पडता येतं. एथिक्स कमिटीच्या अध्यक्षांचा संपर्क त्या कागदावर असतो. 2009 पासून देशातल्या औषधचाचण्यांची नोंद सरकारी नोंदवहीत करणं सक्तीचं आहे. ती 'सीटीआरआय'च्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

परवा मावशी मेथी घेऊन आल्या. डोळे अजून चुरचुरतात. जाताना म्हणाल्या, "लावनी झाली की इचारू पुन्यांदा. तवा बी तुमीच या. पर आधी मला प्रश्न इचारा, मंगच सही करा."