तिजोरीची किल्ली आणि मोबाइलचा पिन

११ ऑगस्ट २०१८ रोजी, ऐन शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव केलेल्या चोरांनी बनावट कार्डांद्वारे २८ देशांतून पैसे काढले. सोमवारी हाँगकाँगमधील एका खात्यात १३ कोटी ९२ लाख रुपये वळवले गेले. एकूण हानी सुमारे ९४ कोटींची. खातेदारांची शिल्लक मात्र अबाधित राहिली, कारण चोरी बँकेच्या यंत्रणेत झाली होती.

पेढीच्या मोबाइलवरून रक्कम गेली तर चित्र निराळे असते. बारामतीच्या मार्केट यार्डातील आडत असो वा इंदापूरच्या पेठेतील कापडाचे दुकान, शेठजींचा मोबाइल गल्ल्यावर आणि त्याचा पिन मुनीमजी, पुतण्या व दोन नोकरांना पाठ, हे दृश्य सर्रास दिसते. तिजोरीची किल्ली ज्यांनी कधी कमरेवरून उतरवली नाही, त्या घराण्यांतही!

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी १४ डिसेंबरला, खातेदाराचे दायित्व ठरवून दिले. त्रयस्थाने केलेला अनधिकृत व्यवहार कामकाजाच्या तीन दिवसांत बँकेस कळविल्यास दायित्व शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळविल्यास बचत खात्यास कमाल १०,००० रुपये, मोठ्या चालू खात्यास २५,०००. परंतु पिन वा ओटीपी स्वतःच दुसऱ्यास दिला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे सारे नुकसान खातेदाराचे. दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, हे खरे. पण चौघांना ठाऊक असलेला पिन सिद्ध करावयास कितीसा वेळ लागणार?

नोकरास वसुली पाहावयाची असेल तर क्यूआर कोड आणि साउंडबॉक्स पुरे. यूपीआयवर पैसे येण्यासाठी पिन लागतच नाही. ‘रक्कम पाठवतो, पिन टाका’ म्हणणारा ठगच समजावा. किरकोळ देण्यांसाठी अल्प शिलकीचे निराळे खाते ठेवावे, कॅश क्रेडिट खाते कोणत्याही ॲपला जोडू नये. मोबाइलची रेंज अकारण गेलीच, तर आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी काढले नाही ना, याची कंपनीकडे तत्काळ चौकशी करावी.

रक्कम गेल्याचे कळताच, रविवार असला तरी, बँकेची मदतवाहिनी आणि १९३० हा क्रमांक फिरवावा. तक्रार क्रमांक व वेळ रोजमेळातच लिहावी. कळविल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत वादातील रक्कम तात्पुरती जमा करणे त्याच परिपत्रकाने बँकेवर बंधनकारक केले आहे, आणि ते दिवस त्या नोंदीपासून मोजले जातात.