‘स्टार्ट’ दाबण्याआधीचं गाव

निळं आकाश, सावकाश सरकणारे ढग, खाली डोंगरांची रांग. पक्ष्यांचा थवा आडवा उडत जातो आणि लाकडी अक्षरांत नाव उमटतं : ‘स्टारड्यू व्हॅली’. त्याखाली मोजकी बटणं. ती दाबली नाहीत तरी काही बिघडत नाही. ढग सरकत राहतात, सूर वाजत राहतो. शेती आणि गावगाडा यांच्यावरच्या व्हिडिओ गेमचा हा पहिला पडदा, म्हणजे टायटल स्क्रीन. कित्येक वर्षांनी खेळातलं बाकी सगळं विसरलं, तरी हा पडदा आठवतो.

अशा पडद्याचं मूळ धंद्यात आहे. आर्केडमधली खेळाची यंत्रं नाणं पडेपर्यंत स्वतःच खेळून दाखवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला ओढायची. खेळ घरच्या टीव्हीवर आले, नाण्याचं काम संपलं, पडदा मात्र राहिला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी ‘टीव्ही गेम’ आला, तेव्हा एका कॅसेटमध्ये हजारो खेळ असल्याची थाप असायची. खेळ निघायचे मूठभर, पण काही कॅसेटींच्या यादीमागे समुद्र असायचा, सीगल उडायचे. त्या पिढीची टायटल स्क्रीनशी पहिली ओळख तीच.

पडद्यावर गाव आलं ते जपानमधून. यासुहिरो वादा हे क्यूशूच्या ग्रामीण भागात वाढले आणि कामासाठी टोकियोत आले. मागे राहिलेल्या गावाच्या ओढीतून त्यांनी १९९६ मध्ये ‘हार्वेस्ट मून’ हा शेतीचा खेळ केला. कात्सुया एगुची चिबा सोडून क्योटोत निन्टेंडोच्या नोकरीवर आले. घरची माणसं आणि मित्र दुरावल्याची चुटपुट २००१ च्या ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’मध्ये उतरली. अमेरिकेतला एरिक बॅरोन ‘हार्वेस्ट मून’च्या प्रेमातला. नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याची नोकरी करत, चित्रं, संगीत आणि प्रोग्रामिंग एकट्याने सांभाळत, चारहून अधिक वर्षांनी २०१६ मध्ये त्याने ‘स्टारड्यू व्हॅली’ आणला. म्हणजे हे गाव रेखाटलं ते लांबून पाहणाऱ्यांनी.

‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’च्या पुढच्या आवृत्त्यांनी तर कमाल केली. तिथे पहिल्याच पडद्यावर तुमचं स्वतःचं गाव दिसतं. रात्री उघडाल तर रात्र, हिवाळ्यात उघडाल तर बर्फ, आणि तुमचेच शेजारी इकडेतिकडे फिरताना. ‘न्यू होरायझन्स’ ही त्यातली आवृत्ती २० मार्च २०२० ला आली. पुढच्याच आठवड्यात आपल्याकडे टाळेबंदी लागली. घरात कोंडलेल्या जगाला निदान खेळातल्या बेटावर मोकळं फिरता आलं.

जुन्नर तालुक्यातल्या माणसाला हा पडदा परका नाही. कल्याण–नगर महामार्गाने माळशेज घाट चढून डिंगोरे, ओतूरकडे येताना पावसाळ्यात गाडीच्या काचेतून दिसतं ते हेच : ढग, डोंगर, हिरवं शिवार. सुट्टीला आलेल्या मुंबईकराला तेवढंच पुरतं. गावात राहणाऱ्याचा दिवस मात्र काचेपलीकडे सुरू होतो.

खेळातसुद्धा बटण दाबलं की कामं मागे लागतातच. ‘स्टारड्यू’त हाती पार्सनिप या कंदाचं १५ बिया असलेलं पाकीट मिळतं. रोज पाणी घालायचं, दमायचं, रात्री दोनपर्यंत अंथरुणावर पोचलं नाही तर जागच्या जागी कोसळायचं. पण चार दिवसांत कंद तयार होतो आणि साध्या मालाला ३५ नाणी ठरलेली. आवक वाढली म्हणून भाव पडत नाही. ऋतू २८ दिवसांचा, तोही वेळेवर. इकडे जुन्नर तालुक्यातल्याच नारायणगावच्या टोमॅटो बाजारात जुलै २०२३ मध्ये २० किलोच्या क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला आणि काही आठवड्यांत भाव कोसळले. असा बाजार कुठल्या खेळात घातला, तर खेळणारे तो अवघड म्हणून सोडून देतील.

तरी पहिल्या पडद्याला खोटा म्हणता येत नाही. तो शेती दाखवतो, शेतकरीपण मागत नाही. डिंगोऱ्याच्या पोरालाही तो आवडेल, आणि मुंबईकराहून जास्त आवडेल. त्याला ठाऊक आहे की रात्रीची वीज आली की मोटर चालू करायला उठावं लागतं, आणि बांधावर बिबट्या असू शकतो. त्या पडद्यावर शिवार तेच असतं, फक्त पाळी आपली नसते.