दोन अणू आणि त्यांचे १३४ राखणदार

हायड्रोजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना भलतेच घट्ट धरून असतात. तो बंध तोडायला मोलमागे ४३६ किलोज्यूल ऊर्जा लागते. २५ अंश सेल्सिअसला वायूतल्या रेणूंच्या धडपडीत खेळती ऊर्जा असते मोलमागे जेमतेम अडीच किलोज्यूल. मग एखाद्या रेणूच्या वाट्याला निव्वळ योगायोगाने याच्या १७६ पट ऊर्जा येण्याची शक्यता किती? बोल्ट्झमनच्या सूत्रात आकडे घातले की ढोबळ उत्तर मिळतं: १ वर ७६ शून्यं, एवढ्या रेणूंमागे एक.

सूर्यात साधारण १ वर ५७ शून्यं इतके अणू आहेत. म्हणजे आपोआप तुटू शकेल असा हायड्रोजनचा एक रेणू सापडायला एक सूर्य पुरणार नाही, एक दीर्घिकाही पुरणार नाही. दहा हजार कोटी सूर्यांची एक, अशा १० कोटी दीर्घिका शोधाव्या लागतील.

हेच काम डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात फिलिप पॉवर यांच्या गटाने २००५ साली काचेच्या भांड्यात केलं. तापमान २५ अंश, दाब एक वातावरण, आणि बरोबर प्लॅटिनम, पॅलेडियम, निकेल यांपैकी काहीही नाही. वनस्पती तूप करायलासुद्धा हायड्रोजन फोडावा लागतो आणि त्यासाठी निकेल लागतं. शतकभर रसायनशास्त्राने धरलेली वाट तीच होती. पॉवर यांच्या भांड्यात होतं जर्मेनियमचं एक संयुग. २००८ साली त्यांनी तेच कथिलाकडून करून घेतलं. होय, कल्हईवाला भांड्याला लावतो तेच कथील.

वरचा आकडा चुकलेला नाही. तो बळजबरीच्या वाटेचा आकडा आहे: धडक मारून बंध तोडायचा तर लागणारा. कथिलाचं हे संयुग वेगळ्या वाटेने जातं. त्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची एक भरलेली जागा असते आणि तिच्याजवळच एक रिकामी. हायड्रोजन जवळ आला की रिकामी जागा त्याच्या बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढते आणि त्याच वेळी भरलेली जागा आपले इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या बंधविरोधी ऑर्बिटलमध्ये ढकलते. जुना बंध जेवढा सैल होतो तेवढा नवा जुळत जातो. ४३६ ची रक्कम एकदम रोख मोजावी लागत नाही. हप्त्याहप्त्याने फिटते, आणि प्रत्येक हप्त्याला थोडी मिळकतही होत असते.

यासाठी एकच अट असते: भरलेली आणि रिकामी या दोन जागांच्या ऊर्जेत फार अंतर नको. हे अंतर डोळ्यांना दिसतं. इथिलीन, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंधाचा सर्वांत साधा रेणू, बिनरंगी आहे. त्याच्या इलेक्ट्रॉनांना वरच्या रिकाम्या जागी उडी घ्यायला १७० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश लागतो, म्हणजे मोलमागे सुमारे ७०० किलोज्यूल. त्या दोन कार्बनच्या जागी दोन सिलिकॉन बसवले आणि बाजूला मेसिटिल नावाचे चार गट लावले, की ही उडी ४२० नॅनोमीटरवर येते. सुमारे २८५ किलोज्यूल पुरतात. ४२० नॅनोमीटर हा जांभळा प्रकाश. तो शोषला गेल्यामुळे उरलेल्या प्रकाशात ते स्फटिक पिवळे-नारिंगी दिसतात. स्फटिकाकडे पाहूनच कळतं की दोन जागांमधलं अंतर निम्म्याहून कमी झालं आहे आणि हा रेणू शांत बसणाऱ्यांतला नाही.

सिलिकॉनला अशी जवळजवळची भरलेली आणि रिकामी जागा देणं मात्र फार अवघड होतं. पृथ्वीच्या कवचाचं सुमारे २८ टक्के वजन सिलिकॉनचं. ऑक्सिजनखालोखाल त्याचाच नंबर. वाळू, काळा कातळ, माती, काच, सगळीकडे तो आहे आणि जवळजवळ सगळीकडे एकाच रूपात: चारही इलेक्ट्रॉन गुंतवलेला, संयुजा चार. कथील कवचात दशलक्ष भागांत अवघे दोन भाग, पण ते दोन इलेक्ट्रॉन गुंतवून बाकीचे दोन स्वतःपाशी ठेवायला आनंदाने तयार असतं. स्टॅनस क्लोराइडची बाटली कॉलेजच्या प्रयोगशाळेत फळीवर असते. स्टॅनस फ्लोराइड टूथपेस्टमध्येही घालतात. सिलिकॉनला दोन संयुजेवर ठेवलं तर तो जे हाताला लागेल त्याच्याशी जोडला जाऊन पुन्हा चारवर जातो.

किती वेगाने? सिलिकॉन आणि दोन हायड्रोजन, एवढाच रेणू घेऊ. त्याला सिलिलीन म्हणतात. सिलेन वायू तापवला की तो क्षणभर तयार होतो, आणि चिप व सौरपट्ट्यांसाठी सिलिकॉनचे थर चढवताना तो वाटेत भेटतो. इथिलीनसारख्या रेणूशी याची जवळपास प्रत्येक टक्कर कामी येते. साध्या दाबाच्या इथिलीनमध्ये घन सेंटिमीटरमागे अडीच कोटी लाख कोटी रेणू असतात. हिशेब केला तर सिलिलीनला ०.४ नॅनोसेकंदही धड मिळत नाही. तेवढ्या वेळात प्रकाश १२ सेंटिमीटर जातो, वितीपेक्षा कमी.

आता दुसरी बाजू. १९९४ साली मायकेल डेंक, रॉबर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी याच जातीचा एक सिलिलीन बनवला. त्यात सिलिकॉनच्या दोन्ही बाजूंना नायट्रोजन बसवले होते, आणि ते आपले इलेक्ट्रॉन सिलिकॉनच्या रिकाम्या जागेला उसने देत राहतात. हवा लागू दिली नाही, तर १५० अंशांना महिनोन्‌महिने तापवूनही तो टिकतो. ०.४ नॅनोसेकंद ताणून एक सेकंद केला, तर त्याच मापाने एक वर्ष २५० कोटी वर्षांचं होईल. अशा सिलिलीनची कुपी दोन वर्षं राहिली, तर त्या मापात पृथ्वीचं सगळं आयुष्य उलटून जातं. साडेपाच वर्षांत विश्वाचंही. मधे बदललं काय, तर सिलिकॉनचे शेजारी.

या क्षेत्राचा सगळा इतिहास शेजारी निवडण्याचा आहे. नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग यांनी जवळजवळ चाळीस वर्षं सिलिकॉनच्या कार्बनी संयुगांवर घालवली. सिलिकॉन-सिलिकॉन दुहेरी बंध मिळाल्यासारखा वाटायचा आणि निघायची कड्यासारखी वलयं, सगळी एकेरी बंधांची. पुढे पाठ्यपुस्तकांत नियमच झाला, की आवर्तसारणीत दुसऱ्या ओळीखालची मूलद्रव्यं असे बंध करत नाहीत. नियम हलला तो आधी कथिलामुळे. ससेक्स विद्यापीठात मायकेल लॅपर्ट यांच्या गटाने १९७० च्या दशकात दोन कथिलांना चार अगडबंब गट लावून दुहेरी बंधासारखं काहीतरी स्फटिकात पकडलं. १९८१ साली विस्कॉन्सिनला वेस्ट, मार्क फिंक आणि योसेफ मिख्ल यांनी ते पिवळे-नारिंगी स्फटिक मिळवले, वर सांगितलेले. २००४ मध्ये जपानच्या त्सुकुबा विद्यापीठात अकिरा सेकिगुची यांनी सिलिकॉनचा तिहेरी बंध बाटलीत भरला. स्फटिक पाचूसारखे हिरवे.

सेकिगुचींच्या रेणूतले अणू मोजून पाहिले: कार्बन ३४, हायड्रोजन ९०, सिलिकॉन १२. एकूण १३६. पॉवर यांच्या कथिलाच्या रेणूत कार्बन ६०, हायड्रोजन ७४, कथील २. एकूण पुन्हा १३६! दोन वेगळे खंड, दोन वेगळी मूलद्रव्यं, वेगळ्या घडणीचे गट, आणि बेरीज तीच. हा योगायोगच आहे, पण त्यातून प्रमाण लक्षात येतं: ज्या दोन अणूंसाठी हा खटाटोप, त्यांच्याभोवती १३४ अणू नुसते जागा अडवून उभे. ते थोडे जास्त दाटले तर हायड्रोजनही आत शिरू शकणार नाही. थोडे विरळ झाले तर असे दोन रेणू एकमेकांनाच गिळतील.

या बंधांना दुहेरी-तिहेरी म्हणावं का, यावर जाणकारांत बरीच वर्षं वाद होता, आणि मोजमापं पाहिली की वाद पटतो. कार्बनमध्ये एकेरी बंध १५४ पिकोमीटर, दुहेरी १३४; तेरा टक्क्यांची आखडण. सिलिकॉनमध्ये २३५ वरून २१६, आठ टक्के. कथिलात २८१ वरून २७७. दीड टक्कासुद्धा नाही. द्रावणात टाकल्यावर लॅपर्ट यांचा रेणू तर दोन तुकडे होऊन मोकळा होतो. तिहेरी बंधाचं पाहायचं तर कोन बघावा. ॲसिटिलीन सरळ रेषेत, १८० अंश. सेकिगुचींचा सिलिकॉन १३७ अंशांवर वाकलेला, पॉवर यांचं कथील १२५ वर, आणि शिशाचा तसाच रेणू ९४ वर, म्हणजे जवळपास काटकोनात. आवर्तसारणीत खाली उतरत जावं तसे एस-इलेक्ट्रॉन बंधात भाग घेईनासे होतात, आपल्याच अणूपाशी जोडीने बसून राहतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी मालिका हीच. बंध म्हणून जे कमी पडतं तेच क्रियाशीलता म्हणून हाती येतं: ती बसून राहिलेली जोडी आणि तिच्या शेजारची रिकामी जागा मिळूनच हायड्रोजन फोडतात.

हे रेणू हाताळतात ग्लोव्हबॉक्समध्ये. पुढे जाड पारदर्शक तावदान, त्यात बसवलेले काळे रबरी हातमोजे, आत नायट्रोजन किंवा आर्गॉन. आतला ऑक्सिजन दहा लाख भागांत एक भागापेक्षा कमी ठेवायचा असतो. बाहेरच्या हवेत तो २ लाख १० हजार भाग. म्हणजे आत ऑक्सिजन जवळजवळ नाहीच, असं वाटेल. पण मोजून पाहू. दहा लाखांत एक भाग या हिशेबाने प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये ऑक्सिजनचे २५ लाख कोटी रेणू उरतात. पेटी एक घनमीटरची धरली तर सगळे मिळून अडीच कोटी लाख कोटी. आता कथिलाच्या त्या संयुगाचे ५० मिलिग्रॅम घ्या, चिमूटभर पूड. त्यात रेणू भरतात २.९ कोटी लाख कोटी. म्हणजे ‘स्वच्छ’ पेटीतला ऑक्सिजनही त्या चिमटीला जवळपास रेणूस रेणू पुरेल एवढा आहे! म्हणून आतला वायू थांबू देत नाहीत. तो सतत फिरवत तांब्यावरून आणि आण्विक चाळणीवरून नेतात. तांबं ऑक्सिजन धरतं, चाळणी पाणी. आणि पेटीबाहेर? आपण एका साध्या श्वासात अर्धा लिटर हवा घेतो. तेवढ्यातला ऑक्सिजन अशा ९० चिमटींना पुरून उरेल.

पृथ्वीबाहेर मात्र दोन संयुजेचा सिलिकॉन मोकळा हिंडतो. १९७१ साली रॉबर्ट विल्सन, अर्नो पेन्झियस आणि सहकाऱ्यांना आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेने सिलिकॉन मोनॉक्साइडचे रेडिओ संकेत मिळाले: एक सिलिकॉन, एकच ऑक्सिजन. घन सेंटिमीटरमागे दहा हजार रेणू असलेल्या मेघात दोन टकरींमध्ये काही दिवस जाऊ शकतात, आणि टक्कर होते तीही बहुतेक वेळा गारठलेल्या हायड्रोजनशी, त्यातून काही घडत नाही. तिथे राखणदारांची गरजच नाही.

एवढा खर्च, एवढी निगराणी कशासाठी? प्लॅटिनम कवचात वजनाने सुमारे २० कोटी भागांत एक भाग. ऱ्होडियम त्याहूनही कमी. एका प्लॅटिनमच्या वजनामागे साडेपाच कोटी वजनाचा सिलिकॉन पायाखाली पडलेला आहे. प्लॅटिनम करतं ते काम सिलिकॉन किंवा कथील करू लागलं, तर खाणींपासून औषधांच्या किमतींपर्यंत बरंच बदलेल. मला ही आशा खरी वाटते, पण तिच्यातली अडचणही खरी आहे. उत्प्रेरकाने रेणू पकडून भागत नाही. काम झालं की सोडावाही लागतो. सिलिकॉन पकडण्यात पटाईत आहे. सिलिकॉन-सिलिकॉन बंध मोलमागे सुमारे २२० किलोज्यूलचा, सिलिकॉन-ऑक्सिजनचा ४५० च्या आसपास. एकदा ऑक्सिजन हाती लागला की तो परत कोण देणार? चार संयुजेवर पोहोचलेला सिलिकॉन तिथेच राहतो.

सोडणं जमलं ते कथिलाला. २००९ साली पॉवर यांच्या गटाने कथिलाच्या अशाच दोन संयुगांवर इथिलीन सोडलं. साध्या तापमानाला ते जोडलं गेलं. दाब कमी केला, किंवा द्रावण नुसतं ठेवून दिलं, की इथिलीन बाहेर पडून मूळ संयुग परत. ऊर्जेचा फरक एकात मोलमागे ४८ किलोज्यूल, दुसऱ्यात २७. पकडायला पुरेसा आणि सोडायला परवडणारा.

सिलिकॉनच्या बाबतीत आधी पुरेसा माल हाती असण्याचाच प्रश्न होता. जर्मनीत ग्योटिंगेनला हर्बर्ट रोएस्की यांच्या प्रयोगशाळेत २००६ साली एक टिकाऊ क्लोरोसिलिलीन मिळाला, पण पोटॅशियमने क्षपण करून उतारा पडायचा १० टक्के. २०१० मध्ये तिथेच शाक्य सेन आणि सहकाऱ्यांनी वाट बदलली: सुरुवातीच्या संयुगात एक हायड्रोजन ठेवायचा आणि लिथियमच्या एका अमाइडने हायड्रोजन क्लोराइड काढून घ्यायचं. उतारा ९० टक्क्यांवर गेला आणि हा पदार्थ जगभरच्या प्रयोगशाळांच्या आवाक्यात आला. सेन पुढे पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले आणि दोन संयुजेच्या सिलिकॉनचं काम त्यांनी तिथे उभं केलं. २०१४ साली डेव्हिसहून पुढची बातमी आली: दोन बाजूंनी गंधकाने धरलेला एक सिलिलीन साध्या तापमानाला इथिलीन धरतो आणि ते परत सोडतोही.